घारीच्या घिरट्या आणि समुद्राची आडकाठी

पावसाळ्यातल्या उघडिपीच्या दिवशी, सकाळी दहा-अकराच्या सुमारास, सोलापूरच्या आकाशात वीस-पंचवीस घारी एकाच जागी गोल फिरू लागल्या, की त्यांचे मोबाइलवर केलेले चित्रण तासाभरात गावभर पोहोचते आणि त्याखाली कोणीतरी भूकंपाचा इशारा, निदान एखाद्या अशुभाचे भाकीत, जोडून दिलेले असते. किल्लारीचा हादरा अनुभवलेल्या पिढीने भूकंपाबाबत हळवे असावे, हे समजण्यासारखे आहे. परंतु ३० सप्टेंबर १९९३ चा तो भूकंप पहाटे चारच्या सुमारास, सूर्योदयापूर्वी झाला आणि घार तर ऊन तापल्याखेरीज आकाशात उंच चढत नाही. शिवाय घारी वर्षातले बहुतेक कोरडे दिवस अशाच घिरट्या घालतात. जो इशारा जवळजवळ रोज दिला जातो, त्याला इशारा म्हणण्यात काही अर्थ उरत नाही. ‘खाली काहीतरी मेलेले असणार’ हा दुसरा लोकप्रिय तर्कही बहुतेक वेळा चुकीचाच असतो, कारण खाद्य दिसलेली घार वर चढत बसत नाही, ती सरळ खाली झेपावते.

या घिरट्यांमागचे भौतिकशास्त्र मात्र कोणत्याही भाकितापेक्षा अधिक रंजक आहे आणि ते एकदा नीट उमगले, की स्पेनच्या दक्षिण टोकावरील एका भूशिरावर दरवर्षी जुलैअखेरीस आणि ऑगस्टमध्ये हजारो घारी समुद्रापाशी येऊन का खोळंबतात, याचाही उलगडा होतो.

सूर्याचे ऊन हवेतून जाताना हवेला थेट फारसे तापवत नाही. ते जमिनीला तापवते आणि तापलेली जमीन तिला लागून असलेल्या हवेला. जमीन मात्र सगळीकडे सारखी तापत नाही. सोलापूरच्या आसपास हा फरक डोळ्यांनी पाहता येतो. उसाच्या फडातील ओलावा पानांवाटे सतत वाफ होऊन बाहेर पडत असतो आणि या बाष्पीभवनात उन्हाची पुष्कळशी उष्णता खर्ची पडते, त्यामुळे फडावरची हवा तुलनेने थंड राहते. शेजारचा बोडका, मुरमाड माळ किंवा नांगरून टाकलेली काळी जमीन यांच्याकडे खर्च करायला पाणीच नसते. उन्हाळ्याच्या दुपारी अशा उघड्या जमिनीचा पृष्ठभाग ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो. त्यावरची हवा प्रसरण पावते, हलकी होते आणि आजूबाजूच्या जड हवेतून वर उसळते. वर जाणाऱ्या या हवेच्या स्तंभाला पॅराग्लायडिंग करणारे लोक ‘थर्मल’ म्हणतात आणि आपणही तोच शब्द वापरू.

थर्मल किती उंच जाईल, हे एका साध्या नियमाने ठरते. वर जाणाऱ्या हवेवरचा दाब कमी होत जातो, म्हणून ती प्रसरण पावते; या प्रसरणासाठी लागणारी ऊर्जा ती स्वतःच्या उष्णतेतून काढते आणि दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंशांनी थंड होते. इतकी थंड होऊनही ती भोवतालच्या हवेपेक्षा उबदार असेल, तोवर तिचा वर जाण्याचा प्रवास चालू राहतो. वाटेत तिच्यातली वाफ गोठण्याइतकी नव्हे, पण द्रवरूप होण्याइतकी थंड झाली, तर स्तंभाच्या माथ्यावर सपाट बुडाचा पांढरा ढग तयार होतो. श्रावणात उघडीप पडल्यावर दुपारी असे सुटे ढग दिसले, की त्यातील पुष्कळशा ढगांखाली एकेक थर्मल चालू आहे किंवा नुकताच संपला आहे, असे खुशाल समजावे.

आता घारीकडे वळू. पंख पसरून तरंगणारी घार स्थिर हवेत दर सेकंदाला सुमारे एक मीटर खाली येत असते. या नियमातून कोणत्याही पक्ष्याची सुटका नाही. पण ज्या हवेत ती तरंगते आहे, ती हवाच सेकंदाला तीन मीटर वेगाने वर जात असेल, तर घार हवेच्या संदर्भात खाली येत असूनही जमिनीच्या संदर्भात सेकंदाला दोन मीटर वर चढते. या हिशेबाने एक किलोमीटर उंची गाठायला तिला आठ-साडेआठ मिनिटे लागतात आणि एवढ्या वेळात तिला पंख एकदाही फडफडवावे लागत नाहीत. घार आणि तिच्याहून मोठ्या पक्ष्यांच्या बाबतीत ही बचत प्रचंड आहे, कारण नुसते पंख ताणून धरायला लागणारी ऊर्जा फडफडत उडण्याच्या ऊर्जेच्या तुलनेत कित्येक पटींनी कमी असते.

परंतु थर्मल हा अरुंद असतो आणि हीच घिरट्यांची खरी मेख आहे. सरळ उडणारी घार काही सेकंदांत त्यातून बाहेर पडेल. आत राहायचे, तर वळत राहणे भाग आहे. वळण्यासाठी ती अंग एका बाजूला कलते करते, म्हणजे पंखांनी निर्माण केलेल्या उचल-बलाचा काही भाग आडवा होऊन तिला वर्तुळाच्या केंद्राकडे ओढतो. या वर्तुळाची त्रिज्या म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्व त्वरण आणि कलाच्या कोनाचा टॅन्जंट यांचा गुणाकार. वेग सेकंदाला १० मीटर आणि कल ३० अंश धरला, तर त्रिज्या सुमारे १८ मीटर येते; वेग तोच ठेवून कल ४५ अंश केला, तर ती १० मीटरच्या आसपास उतरते. मग घारीने नेहमी जास्तीत जास्त कलून थर्मलच्या गाभ्यातच का फिरू नये? कारण ४५ अंशांच्या कलात तिच्या पंखांना शरीराच्या वजनाच्या १.४ पट भार पेलावा लागतो आणि त्यामुळे तिचा खाली येण्याचा वेगही वाढतो. गाभ्यात हवेचा वेग जास्त, पण तिथे फिरण्याची किंमतही जास्त. कडेला किंमत कमी, पण मिळकतही कमी. या दोन्हींमधला फायद्याचा बिंदू घार क्षणोक्षणी शोधत असते. दुर्बीण असेल तर तिच्या शेपटीकडे पाहावे: मधोमध किंचित खाच असलेली ती शेपटी कधी डावीकडे, कधी उजवीकडे सतत मुरडत असते आणि पंखांच्या टोकाची पिसे बोटांसारखी सुटी झालेली असतात. प्रत्येक सुट्या पिसामुळे पंखाच्या टोकाशी तयार होणारे भोवरे विभागले जातात आणि कमी वेगातही हवेचा अवरोध आटोक्यात राहतो.

माथ्यावर पोहोचलेली घार वर्तुळ मोडून हव्या त्या दिशेला सरळ घसरत निघते. एक मीटर खाली येताना ती साधारण दहा ते बारा मीटर पुढे जाते, म्हणजे एक किलोमीटर उंचीच्या बदल्यात तिला दहा-बारा किलोमीटर अंतर मिळते. तेवढ्यात पुढचा थर्मल गाठायचा आणि पुन्हा चढायचे. चढ दुसऱ्या कोणाच्या तरी जोरावर चढून जाणाऱ्या आणि उतारावर पॅडल न मारता सायकल सोडून देणाऱ्या माणसाचा हा प्रवास आहे.

समुद्रावर हा सगळा व्यवहार कोलमडतो. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ ज्यूल उष्णता लागते, तर कोरड्या मातीला साधारण ०.८ ज्यूल पुरतात. मातीत ऊन वरच्या थरातच अडते. पाण्यात ते कित्येक मीटर खोल शिरते, लाटा ती उष्णता आणखी खोलवर मिसळतात आणि उरलेली पुष्कळशी बाष्पीभवनात जाते. परिणामी दिवसभराच्या उन्हाने समुद्राचा पृष्ठभाग बहुधा एखाद्या अंशानेच तापतो आणि त्यावर दमदार थर्मल तयार होत नाही. (उष्ण कटिबंधातील काही सागरांवर उबदार पाण्यावरून थंड वारा वाहतो, तिथे दिवसरात्र सौम्य थर्मल मिळतात आणि फ्रिगेट पक्षी त्यांवर तरंगत राहतात, पण तो अपवाद आहे.) हिप्परग्याच्या तलावावरही याची छोटी आवृत्ती दिसते. घारी उंची मिळवतात ती काठच्या माळावर. पाण्यावर रेंगाळायचे, तर त्यांना पंख मारावे लागतात.

युरोपातील घारी आपल्या घारींच्याच जातीच्या आहेत, उपजात तेवढी वेगळी. स्पेन, फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड येथे वाढलेल्या घारी सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला जाण्यासाठी निघतात आणि स्पेनच्या तारिफा या भूशिरापाशी येऊन अडतात, कारण समोर जिब्राल्टरची सामुद्रधुनी आहे. युरोपच्या मुख्य भूमीचे हे अगदी दक्षिणेकडील टोक. सामुद्रधुनीची सर्वांत कमी रुंदी सुमारे १४ किलोमीटर. वरचा हिशेब इथे लावून पाहावा. किलोमीटरभर उंची घेऊन निघालेली घार दहा-बारा किलोमीटर घसरत जाईल आणि आफ्रिकेचा किनारा दोन-चार किलोमीटर उरलेला असताना पाण्याला टेकेल. तेव्हा एक तर तिला आणखी उंच चढले पाहिजे किंवा उरलेले अंतर पंख मारत काढले पाहिजे. ती बहुधा दोन्ही करते.

खरी अडचण वाऱ्याची आहे. या सामुद्रधुनीत पूर्वेकडून येणारा ‘लेव्हान्ते’ नावाचा वारा कधीकधी दिवसचे दिवस जोरात वाहतो. सेकंदाला ११ मीटर वेगाने चाललेल्या घारीला १४ किलोमीटर ओलांडायला सुमारे एकवीस मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात सेकंदाला १० मीटर वेगाचा आडवा वारा तिला पावणेतेरा किलोमीटर पश्चिमेकडे, म्हणजे उघड्या अटलांटिक महासागराकडे, ढकलून देईल. वाऱ्याला तोंड देत तिरके उडावे, तर पुढे सरकण्याचा वेग घटतो आणि तेवढ्या उंचीत पल्ला पुरत नाही. म्हणून वारा पडेपर्यंत घारी तारिफाच्या माळांवर आणि टेकड्यांवर थांबून राहतात, मागून येणाऱ्यांची त्यांत भर पडत जाते आणि वारा पडला, की काही तासांत हजारो घारी एकदम पलीकडे जातात. तिथे १९९७ पासून दरवर्षी पद्धतशीर मोजणी होते आणि एका हंगामातील घारींची संख्या लाखाच्या घरात जाते. पांढरे करकोचेही याच सुमारास त्यांच्या सोबतीला असतात, तर मधुबाज ऑगस्टच्या अखेरीपासून येऊ लागतात.

ही गर्दी केवळ पाणी अरुंद असल्यामुळे होत नाही. समुद्र टाळू पाहणारा पक्षी किनाऱ्याला लागला, की किनारा धरून पुढे सरकतो. आणि द्वीपकल्पाचे दोन्ही किनारे दक्षिणेकडे निमुळते होत गेले, तर दोन्हीकडचे पक्षी आपोआप टोकाशी एकत्र येतात. स्वीडनच्या फाल्स्टर्बो भूशिरावर हे अधिक स्पष्ट दिसते. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधले पाणी उत्तरेला हेल्सिंगबोर्गपाशी जेमतेम चार किलोमीटर रुंद आहे, तरी शरदाच्या तोंडाला नैर्ऋत्येकडे निघालेले शिकारी पक्षी गर्दी करतात ती फाल्स्टर्बोला, जिथून समोरचा डॅनिश किनारा वीस किलोमीटरहून दूर आहे. पक्ष्याजवळ नकाशा नसतो; असते ती एक दिशा आणि पायाखालचा किनारा.

अर्थात अनुभवाने हे कौशल्य सुधारते. तारिफापासून फार दूर नसलेल्या दोन्याना परिसरातील एक ते सत्तावीस वर्षे वयाच्या ९२ घारींचा उपग्रहाद्वारे माग काढून केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. वय वाढत जाते तसा घारींचा स्थलांतराचा वेग वाढतो आणि वाऱ्याने भरकटण्यावर त्या अधिक ताबा मिळवतात, असे त्यात दिसून आले. शिवाय वाईट प्रवासी तरुणपणीच मरतात, त्यामुळे उरलेल्या म्हाताऱ्या घारी सरासरीने अधिक तरबेज असतात.

इथे एका जुन्या समजाचाही समाचार घ्यायला हवा. आपल्याकडे दिवाळीच्या आसपास ‘थंडीला कंटाळून आलेले विदेशी पाहुणे’ अशा मथळ्याच्या बातम्या ठरल्याप्रमाणे येतात. घारी युरोप सोडतात तेव्हा तिथे भर उन्हाळा असतो आणि स्पेन चाळीस अंशांच्या आसपास भाजत असतो. पिल्ले उडती झाली, की त्यांचे तिथले काम संपलेले असते. आपल्या ज्वारीच्या शेतांवर थवे घेऊन उतरणाऱ्या भोरड्याही मध्य आशियातून ऑगस्टपासूनच येऊ लागतात आणि वर्षातला बहुतेक काळ भारतातच काढतात. त्यांना पाहुणे म्हणणे जरा अन्यायाचेच आहे.

मग रत्नागिरीच्या किंवा कन्याकुमारीच्या टोकावर तारिफासारखा देखावा का दिसत नाही? कारण उत्तरेकडून हिमालय ओलांडून येणाऱ्या बहुसंख्य तरंगणाऱ्या पक्ष्यांचा प्रवास भारतातच संपतो. मध्य आशिया आणि सायबेरियातून येणाऱ्या काळ्या कानाच्या घारीही त्यांतल्याच. त्यांना समुद्र ओलांडायचाच नसतो, त्यामुळे किनाऱ्यावर अडण्याचा प्रश्न येत नाही. ज्यांना ओलांडायचा असतो, त्यांची घडण वेगळी असते. जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचा अमूर ससाणा नागालँडमध्ये पोटभर वाळवी खाऊन चरबी साठवतो आणि नोव्हेंबरमध्ये ईशान्येच्या वाऱ्याची पाठराखण घेत, भारतीय द्वीपकल्प पार करून, अरबी समुद्रावर झेपावतो. २०१३ मध्ये उपग्रह-यंत्रे बसवलेल्या ससाण्यांनी हा मार्ग नेमका दाखवून दिला. त्यातला समुद्रावरचा टप्पा सुमारे तीन हजार किलोमीटरचा असून तो न थांबता पार केला जातो. लांब, टोकदार पंख आणि हलके शरीर यांमुळे दिवसरात्र पंख मारत राहणे त्याला परवडते, कारण शरीराचे वजन वाढते त्याहून अधिक वेगाने फडफडत उडण्यासाठी लागणारी शक्ती वाढत जाते. त्याच्या पाच-सहा पट वजनाच्या घारीला हा सौदा चौदा किलोमीटरपुरताच झेपतो.