जुन्या घरगुती वस्तूंचे ॲप: फलक आणि दुकान

जुना फ्रिज घ्यायचा म्हणून मोबाइलवर दोन ॲप उघडली, तर दोन्हीकडे सारखेच दिसते: छायाचित्र, किंमत, परिसराचे नाव आणि खाली एक ठळक बटण. त्यामुळे दोन्ही ठिकाणी आपण एकच व्यवहार करत आहोत अशी समजूत होते, आणि नेमकी तीच पुढे महागात पडते. एका ॲपवरचा फ्रिज अजून कोथरूडमधल्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरात चालू असतो आणि त्याच्यात उद्याचे दूध ठेवलेले असते. दुसऱ्या ॲपवरचा फ्रिज कंपनीने आधीच विकत घेऊन, पुसून, दुरुस्त करून आपल्या गोदामात ठेवलेला असतो. पहिल्या प्रकाराला मी येथे फलक म्हणतो आणि दुसऱ्याला दुकान. पैसे देण्याच्या क्षणी वस्तूचा मालक कोण होता, या एका प्रश्नातून दोहोंमधले बाकीचे सगळे फरक निघतात.

फलकाचे मूळ वृत्तपत्रांतल्या छोट्या जाहिरातींत आहे. 2006 साली सुरू झालेले ओएलएक्स आणि 2008 साली भारतातच सुरू झालेले क्विकर यांनी तीच जाहिरात मोबाइलवर आणली. 2015 साली बंगळुरूमध्ये सुरू झालेल्या झेफोने दुसरी वाट धरली: लोकांकडून फर्निचर आणि घरगुती उपकरणे विकत घ्यायची, दुरुस्त करायची आणि हमीसह विकायची. 2019 मध्ये क्विकरनेच झेफो विकत घेतली आणि फलक व दुकान एका छताखाली आले. अशा घडामोडींनंतर ग्राहकाचा गोंधळ वाढला, तर त्यात त्याचा दोष नाही.

कायद्याने हा फरक स्पष्ट केलेला आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 मध्ये दोन प्रकारच्या संस्था वेगळ्या धरल्या आहेत: खरेदीदार आणि विक्रेता यांची गाठ घालून देणारी, आणि स्वतःच्या मालकीचा माल थेट ग्राहकाला विकणारी. दोघींनाही तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत द्यावी लागते आणि एका महिन्याच्या आत तिचे निवारण करावे लागते. मात्र याच नियमांत एक अपवाद आहे, आणि जुन्या वस्तूंच्या बाबतीत तो फार मोठा ठरतो: जी व्यक्ती वैयक्तिक पातळीवर, नियमित धंदा म्हणून नव्हे, एखादी वस्तू विकते तिला हे नियम लागू होत नाहीत. घर बदलताना सोफा विकणारे कुटुंब या अपवादात बसते. म्हणजे फलकावर ॲपला नियम लागू आहेत. पण माल ॲपचा नाही, आणि ज्याचा माल आहे त्याला ते नियम लागू नाहीत.

1930 च्या वस्तू विक्री कायद्यातही हीच रेषा दिसते. माल विकण्याजोग्या दर्जाचा असला पाहिजे ही गृहीत अट त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्या विक्रेत्यालाच बांधते. शिवाय ग्राहकाने माल स्वतः तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषाबद्दल त्याला नंतर बोलता येत नाही. वर्णनाप्रमाणे माल देण्याची अट मात्र सर्वांनाच लागू आहे. जाहिरातीत ‘सागवानी’ लिहिले असेल, तर वस्तू सागवानीच असली पाहिजे, मग विकणारा कोणीही असो.

हे मला एका जेवणाच्या टेबलाने शिकवले. फलकावर ते पाहिले, घरी गेलो, वरची फळी पाहून मन भरले. नंतर टॉर्च घेऊन टेबलाखाली वाकलो, तेव्हा एका पायाच्या बुडाशी पिठासारखी भुकटी साचलेली आणि लाकडात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडलेली दिसली. तो पाय कधीतरी बदललेला होता आणि सागवानाचा नव्हताच. विकणाऱ्या काकूंनाही ते ठाऊक नव्हते. त्यांच्या सासऱ्यांच्या काळातले ते टेबल होते. आम्ही किंमत कमी करून व्यवहार केला आणि मी सुताराकडून पाय बदलून घेतला. छायाचित्र पाहूनच पैसे पाठवले असते, तर कायदा माझ्या बाजूने असला तरी एका टेबलासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी मी चढलो नसतो. फलकावर तपासणीचे काम आपल्यालाच करावे लागते, आणि किंमत कमी असते ती बऱ्याच अंशी त्यामुळेच.

दुकानाची किंमत जास्त का, याचेही उत्तर मालकीतच आहे. गोदामाचे भाडे, टेम्पो, हमाल, कारागीर आणि न विकला गेलेला माल हा सारा खर्च दुकान सोसते. म्हणून आपली वस्तू दुकानाला विकायला गेलो, तर ते सांगतात तो भाव मोडीच्या भावासारखा वाटतो आणि मनाला लागतो. करात मात्र दुकानाला एक सवलत आहे. वस्तू व सेवा कराच्या नियम 32(5) नुसार, जुन्या मालाच्या व्यापाऱ्याने खरेदीवरच्या कराची वजावट घेतली नसेल आणि मालाचे स्वरूप न बदलता किरकोळ दुरुस्तीच केली असेल, तर कर विक्री आणि खरेदी यांतल्या फरकावरच लागतो. 4,000 रुपयांना घेतलेले कपाट 9,000 ला विकले, तर कर 5,000 वर. फलकावर आपले जुने कपाट विकणाऱ्या गृहस्थाचा तो धंदाच नसल्याने हा कर त्याला लागत नाही.

माझे मत असे की ज्या वस्तूचे पोट दिसत नाही ती दुकानातून घ्यावी: फ्रिज, धुलाई यंत्र, गादी. कॉम्प्रेसरचे उरलेले आयुष्य किंवा गादीच्या शिवणीतले ढेकूण दहा मिनिटांच्या भेटीत कळत नाहीत, आणि तेथे हमीचे पैसे मोजणे योग्यच आहे. पितळेची पातेली, लोखंडी कपाट, पाटा-वरवंटा, भरीव लाकडाचे फर्निचर हे फलकावरून खुशाल घ्यावे. प्रेशर कुकर मात्र कोठूनही घेतला, तरी रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवे बसवावेत.

पैशांच्या बाबतीत फलकावर विकणाऱ्यालाच जास्त जपावे लागते. समोरचा माणूस सोफा न पाहताच होकार देतो आणि ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असे सांगतो. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. असे घडलेच, तर सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर लगेच फोन करून तक्रार करावी.

सर्वांत फसवी जागा या दोहोंच्या मधली आहे. काही ॲप पैसे स्वतःकडे घेतात, वस्तू घरपोच आणतात, डब्यावर स्वतःचे नाव छापतात. पण मालकी शेवटपर्यंत दुसऱ्याचीच असते. परकी गुंतवणूक असलेल्या ई-कॉमर्स कंपन्यांना भारतात स्वतःचा माल ठेवून थेट ग्राहकाला विकण्याची परवानगी नसल्याने, ॲपचे नाव एक आणि विक्रेत्याचे नाव दुसरे असे चित्र सर्रास दिसते. तेव्हा पैसे देण्याआधी वस्तूच्या पानावर ‘विक्रेता’ या शब्दापुढे कोणाचे नाव आहे ते पाहावे, हमी कोण देत आहे ते वाचावे, आणि बिल त्याच नावाने मिळणार का हे विचारून घ्यावे. तेथे कंपनीचे नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक असेल, तर ते दुकान आहे. एखाद्या माणसाचे नुसते पहिले नाव आणि चॅटचे बटण असेल, तर तो फलक आहे. तेथे टॉर्च घेऊन जावे.