चुरगळलेल्या शर्टातला गारवा

एप्रिलचा दुसरा आठवडा, दुपारचे अडीच. कॉलेज रोडवरच्या एका रसवंतीत मी आणि माझा मित्र ‘बर्फ कमी, लिंबू जास्त’ असं सांगून रसाची वाट बघत बसलो होतो. माझ्या अंगात नवाकोरा रिंकल-फ्री शर्ट होता. सुरकुती एकही नाही, पण पाठीला असा चिकटलेला की उठलो तर प्लॅस्टिकची खुर्चीही सोबत येईल. तेवढ्यात समोरून एक गृहस्थ रस्ता ओलांडून आले. साठीच्या अलीकडे-पलीकडे. निळ्या-पांढऱ्या बारीक पट्ट्यांचा जरासा सैल शर्ट, बाह्या दोन घड्या वर. फिकट खाकी पँट, घोट्याशी एकदाच दुमडलेली. तपकिरी लोफर, मोजे दिसत नाहीत. डोक्यावर गवताची हॅट आणि गळ्यात पांढरं सुती उपरणं.

“लग्नाला निघालेत की शूटिंगला?” मित्र पुटपुटला.

माझी नजर मात्र त्यांच्या पाठीवर होती. शर्टावर घामाचा एक डाग नव्हता.

या पेहरावाला प्रेपी म्हणतात. अमेरिकेत कॉलेजच्या आधीच्या महागड्या खासगी शाळांना ‘प्रेप स्कूल’ म्हणतात, तिथल्या पोरांचे कपडे ते प्रेपी. ही मंडळी खांद्यावर स्वेटर टाकून बाह्यांची पुढे गाठ मारतात. नाशिकच्या एप्रिलमध्ये स्वेटर टाकणाऱ्याला लोक डॉक्टरकडे नेतील, म्हणून काकांनी त्या जागी उपरणं घेतलं असावं. मला ही दुरुस्ती मूळ फॅशनपेक्षाही आवडली.

ते शेजारच्याच टेबलावर टेकले आणि शर्ट जवळून दिसला. कापडाची एक पट्टी सपाट, शेजारची तळलेल्या पापडासारखी उठलेली, पुन्हा सपाट, पुन्हा उठलेली. चुरगळलेला म्हणावा तर सुरकुत्या रांगेत उभ्या. राहवलं नाही, विचारलंच, “काका, हे कापड कुठलं हो?”

“सीरसकर,” ते म्हणाले. “घेणार असशील तर एक सांगून ठेवतो, इस्त्रीला देऊ नकोस.”

“का?”

“बघ देऊन.”

सीरसकर हे नाव इंग्रजी वाटतं, पण ते फारसी ‘शीर-ओ-शकर’चं बिघडलेलं रूप आहे. शीर म्हणजे दूध, आपल्या ‘क्षीर’चं भावंड. शकर म्हणजे साखर. दुधासारखी मऊ पट्टी आणि साखरेसारखी खरखरीत पट्टी शेजारी-शेजारी, म्हणून दूध-साखर. हे कापड इंग्रजांच्या हातून हिंदुस्थानातून पश्चिमेकडे गेलं आणि अमेरिकेच्या दमट दक्षिण भागात उन्हाळ्याचा पोशाख होऊन बसलं.

त्याची गंमत विणण्यात आहे. मागावर उभा धागा म्हणजे ताणा आणि आडवा धागा म्हणजे बाणा. मालेगावचा साधा यंत्रमाग पाहिला असेल तर आठवेल, ताण्याचे सगळे धागे एकाच बीमवरून, म्हणजे धागा गुंडाळलेल्या रुळावरून, सारख्या ताणाने सुटतात. सीरसकरला दोन बीम लागतात. एकावरचे धागे घट्ट ओढलेले, दुसऱ्यावरचे ढिले आणि जास्त वेगाने सोडलेले. बाणा दोघांनाही सारखाच बांधत जातो. घट्ट धाग्यांची पट्टी सपाट बसते, ढिल्या पट्टीत लांबी जास्त झालेली असते, तिला जायला जागा नसते, मग ती फुगते. म्हणजे ही सुरकुती कापडावर पडलेली नाही, कापडातच विणलेली आहे. बाजारात याची स्वस्त नक्कलही मिळते. तिच्यात सपाट कापडावर कॉस्टिक सोड्याचे पट्टे छापतात, तेवढा भाग आकसतो आणि मधला फुगतो. दिसायला जवळपास तसंच, पण हे फुगे काळाबरोबर बसत जातात.

आता या फुग्यांचा उपयोग काय, हे समजायला आधी घामाचा हिशोब मांडावा लागतो.

माणूस नुसता बसला असला तरी त्याचं शरीर साधारण १०० वॉट उष्णता तयार करत असतं. जुन्या पिवळ्या बल्बाइतकी. हवा त्वचेपेक्षा थंड असेल तर ही उष्णता आपोआप बाहेर जाते. पण त्वचेचं तापमान असतं ३४-३५ अंश, आणि त्या दुपारी बाहेर होते ३९. म्हणजे हवा उष्णता घेण्याऐवजी देत होती. अशा वेळी शरीराकडे एकच वाट उरते, घाम. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता सोबत नेतो. १०० वॉट बाहेर काढायचे तर तासाला १५० ग्रॅम घाम वाळायला हवा, म्हणजे जेमतेम फुलपात्रभर. चालत असाल, डोक्यावर ऊन असेल, तर त्याच्या कितीतरी पट. आणि तो वाळायला हवा, नुसता गळून चालत नाही. हनुवटीवरून टपकलेला थेंब फुकट गेला.

इथे नाशिककरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळल्यावर पारा २८च्या आसपास थांबतो. आपल्याकडे ३९ अंश आणि २० टक्के आर्द्रतेत तोच पारा २२पर्यंत उतरतो. माठातलं पाणी मुंबईपेक्षा नाशकात गार का लागतं, त्याचं कारण हेच. हवा जितकी कोरडी तितकी ती पाणी हावरटासारखी पिते. हे आकडे धरून त्वचेजवळच्या आणि बाहेरच्या हवेतल्या बाष्पाच्या दाबातला फरक काढला, तर नाशकात तो मुंबईच्या दुप्पट येतो. हा फरक जितका मोठा, तितका घाम भराभर वाळतो.

म्हणून काकांच्या पाठीवर डाग नव्हता. त्यांना घाम येत होता, पण येता-येताच वाळत होता. मुंबईचे पाहुणे कसारा घाट चढून आले की म्हणतात, “तुमच्याकडे घाम येत नाही बुवा.” येतो! फक्त दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून लोक पाणी प्यायचं विसरतात. हा घाम मागे सही ठेवून जातो. माझ्या मित्राच्या गडद निळ्या टी-शर्टावर काखेपासून बरगडीपर्यंत मिठाची पांढरी वेलबुट्टी उमटली होती. फिकट कपड्यांवर तेच मीठ बसतं, पण चुगली करत नाही.

मग माझाच शर्ट का चिकटला? एकतर त्यात पॉलिएस्टर भरपूर होतं. सामान्य हवेत १०० ग्रॅम कोरडा कापूस साधारण साडेआठ ग्रॅम पाणी आत धरून ठेवतो, लिनन १२ ग्रॅम, आणि पॉलिएस्टर ०.४ ग्रॅम. पॉलिएस्टरवर अन्याय नको, खेळाडूंच्या जर्सीत त्याचे तंतू मुद्दाम असे घडवतात की घाम धाग्यांच्या फटींतून बाहेर पसरतो. माझा शर्ट तसल्या कुळातला नव्हता. तो घट्ट विणीचा, गुळगुळीत आणि अंगाबरोबर होता. असं सपाट कापड ओलं झालं की त्वचा आणि कापड यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि दोघांना चिकटवून टाकतो. हवेची वाट बंद. शिवाय घाम वाळतो तो कापडाच्या बाहेरच्या बाजूला, त्यामुळे वाळण्यासाठी लागणारी उष्णता काही त्वचेतून तर काही बाहेरच्या हवेतून घेतली जाते. घाम माझा, गारवा भलत्यालाच.

सीरसकर त्वचेला फक्त फुग्यांच्या टोकांवर टेकतो. मधल्या बारीक बोगद्यांतून हवा खेळते. नुसती अडकलेली हवा उलट ऊब देते, गोधडी त्याच तत्त्वावर चालते. म्हणून शर्ट सैल हवा. सैल शर्टात पाऊल टाकलं की कापड अंगापासून दूर जातं, पुन्हा जवळ येतं, आणि लोहाराच्या भात्यासारखी आतली दमट हवा बाहेर फेकली जाते. कपड्याची ऊब मोजायला १९४१ साली ‘क्लो’ नावाचं एकक ठरवलं गेलं. ढोबळ मानाने एक क्लो म्हणजे साहेबी सूट. पण हे मोजमाप माणूस शांत उभा आहे असं धरून चालतं. तोच माणूस चालायला लागला, वारा सुटला, की आकडा घसरतो. सैलपणाला म्हणूनच फॅशनबाहेरही किंमत आहे.

या पेहरावातल्या बाकीच्या वस्तूंची कुळकथाही अशीच उन्हातून आलेली. खाकी म्हणजे ‘खाक’, धूळ. पेशावरकडच्या ब्रिटिश फौजेतल्या एका तुकडीने १८४०च्या दशकाच्या अखेरीस पांढरे कपडे सोडून मातकट रंग घेतला, तिथून ती निघाली. मद्रासी चौकडा तर नावापासूनच आपला. त्याचा रंग धुताना उतरायचा, आणि अमेरिकी जाहिरातींनी १९६०च्या दशकात तीच खोड ‘रंग जाण्याची हमी’ म्हणून विकली! पोलो शर्टाचं श्रेय टेनिसपटू रेने लाकोस्तला जातं. लांब बाह्यांचा कडक शर्ट घालून उन्हात खेळणं नको झालं, म्हणून त्याने खडबडीत, हवेशीर विणीचा आखूड बाह्यांचा शर्ट आणला आणि १९३३ साली मगरीचं चित्र लावून विकायला काढला. आपल्या डोंगरीच्या जाड्याभरड्या कापडावरून इंग्रजीत ‘डंगरी’ शब्द गेला, हे जाता-जाता.

लिननबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याच जातीच्या झाडाच्या खोडातून लिननचा धागा निघतो. तेलबियांसाठीचे वाण वेगळे, धाग्यासाठीचे उंच वाण वेगळे, इतकंच. लिनन इतकं का चुरगळतं? कापूस काय, लिनन काय, दोन्ही सेल्युलोजचे, म्हणजे वनस्पतीच्या तंतूंतल्या लांब साखळीसारख्या रेणूंचे. सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजनच्या नाजूक बंधांनी धरून असतात. घामाचा ओलावा आला की हे बंध सुटतात, तुम्ही बसलेले असता त्या घडीत साखळ्या सरकतात, आणि वाळताना तिथेच नवे बंध जुळतात. सुरकुती पक्की. इस्त्रीही नेमकं हेच करते, फक्त तुमच्या बाजूने: पाणी आणि उष्णतेने बंध सोडवायचे, सपाट दाबायचं, वाळू द्यायचं. जे कापड पाणी पितं ते चुरगळणारच, हा एकाच गुणाचा दुसरा चेहरा आहे.

रंगाचं काय? उन्हात पांढरं घालावं हे शाळेपासून ऐकलेलं. ते खरंच आहे, पण पुरतं नाही. १९८०मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात एक लेख आला होता, वाळवंटातले बेदुइन काळे झगे का घालतात यावर. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापला, तरी आतल्या माणसाला पोचलेली उष्णता सारखीच निघाली. तापलेल्या सैल झग्यातून हवा धुराड्यासारखी वर खेचली जात होती आणि जादाची उष्णता त्वचेपर्यंत येण्याआधीच घेऊन जात होती. म्हणजे रंगाने केलेली चूक सैलपणा निस्तरतो. उलट पातळ पांढरा सुती शर्ट अतिनील किरण बऱ्यापैकी आत सोडतो, ओला झाला तर आणखीच. जाड निळी डेनिम त्या बाबतीत कितीतरी सरस.

हॅटला मी आधी नखरा समजलो होतो. पण नाशिक जवळजवळ नेमकं २० अक्षांशावर आहे. २० मेच्या आसपास भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तो आपला शून्य सावली दिवस. अशा उन्हात उभ्या माणसाच्या छाती-पाठीवर किरण तिरपे घासून जातात, खरा मारा टाळू आणि खांद्यांवर होतो. रुंद काठाची हॅट म्हणजे स्वतःपुरता मांडव. गांधी टोपी टाळू वाचवते, खांदे नाही. आपल्या जुन्या मंडळींचं पागोटं आणि खांद्यावरचं उपरणं ही जोडी या हिशोबात प्रेपी हॅटला भारी पडेल.

लोफरचं रहस्य काकांनीच फोडलं. बसल्यावर त्यांनी टाच बाहेर काढली, आत बोटभर उंचीचे सुती मोजे. तळपायावर घामाच्या ग्रंथी फार दाट असतात. मोज्याशिवाय चामड्यात कोंडलेला पाय म्हणजे जिवाणूंची मेजवानी, आणि त्यांनी सोडलेल्या आम्लाचा वास मुरलेल्या चीजच्या जवळ जातो.

रस संपवून काका उठले. रसवंतीवाल्याच्या ड्रमातलं मगभर पाणी घेऊन त्यांनी उपरणं भिजवलं, घट्ट पिळलं, मानेभोवती टाकलं आणि आरामात चालू लागले. मित्र शेवटपर्यंत बघत राहिला. “माणूस टॉप आहे,” एवढंच म्हणाला.

पुढच्या महिन्यात मी तसाच शर्ट मागवला. दोनदा घातला, खरंच चिकटला नाही. मग घरच्या कपड्यांच्या गठ्ठ्यात तो चुकून इस्त्रीला गेला. संध्याकाळी आमचे कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले दादा गठ्ठा घेऊन आले तेव्हा तो सगळ्यात वर होता, पोस्टकार्डासारखा सपाट. “साहेब, हा फार चुरगळलेला होता,” दादा कपाळ पुसत म्हणाले, “तीनदा पाणी मारलं, तेव्हा कुठे बसला.” त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून माझ्याने काही बोलवलं नाही. रात्री शर्ट बादलीत बुडवला, न पिळता गॅलरीत टांगला. सकाळी पट्ट्या पुन्हा जशाच्या तशा फुगल्या होत्या. दादा खालून जाताना वर बघतील म्हणून तो आता मी आतल्या दोरीवर वाळत घालतो.