थंड पाण्याला फुटणारी उकळी

बोट पळत नाही? मग आणखी ताकदीचं इंजिन बसवा! बहुतेकांचा हाच समज असतो. 1894 मध्ये चार्ल्स पार्सन्स या ब्रिटिश अभियंत्याने नेमकं तेच केलं. 'टर्बिनिया' नावाच्या निमुळत्या बोटीत त्याने आपलं नवंकोरं स्टीम टर्बाइन बसवलं. शक्ती मुबलक होती, पण बोट 20 नॉटही (ताशी सुमारे 37 किलोमीटर) गाठेना. बोटीला ढकलणारा पाण्यातला पंखा गरगर फिरायचा आणि पाण्याला पकडच यायची नाही.

पाणी 100 अंशांना उकळतं हे शाळेतलं वाक्य समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबापुरतंच खरं. दाब त्याच्या 4 टक्क्यांवर आणा, 30 अंशांचं पाणीही उकळू लागेल. पंख्याच्या पात्यावरून पाणी सुसाट वाहतं तेव्हा एका अंगाला दाब असाच उतरतो. शिडाच्या बोटीला वाऱ्याने आडवं सरकवू नये म्हणून पाण्यात जे पातं, म्हणजे फॉइल, असतं त्याचीही हीच गत. हा उतार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 55 नॉटला 'अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग' ही राशी वातावरणाच्या दाबाच्या चौपट भरते. तिच्या जेमतेम पाव हिश्श्याइतका दाब उतरला की पृष्ठभागाजवळच्या पाण्यात वाफेचे बुडबुडे उठतात. हेच कॅव्हिटेशन. पातं मग पाण्याऐवजी वाफेत काम करू लागतं. बुडबुडे पुढे जास्त दाबाच्या जागी गेले की फटकन मिटतात, आणि तो तडाखा असा की धातूचे टवके उडतात. विहिरीवरच्या पंपाचा खड्डे पडलेला इंपेलर, म्हणजे आतलं पाणी ढकलणारं चाक, पाहिलं असेल तर हे वेगळं सांगायला नको.

पार्सन्सने पंखे फिरवणारे एकाऐवजी तीन दांडे घातले, प्रत्येकावर तीन पंखे. भार वाटला गेला आणि 'टर्बिनिया' 34 नॉटने धावली.

पॉल लार्सन या ऑस्ट्रेलियन नाविकाच्या चमूने मात्र बुडबुडा टाळण्याचा नादच सोडला. मला या सगळ्या कथेत हीच गोष्ट सर्वात आवडते. नेहमीचं फॉइल पुढे गोलसर आणि मागे निमुळतं असतं. त्यांच्या 'सेलरॉकेट 2' या शिडाच्या बोटीचं पुढून धारदार आणि मागून सपाट कापलेलं, पाचरीच्या आकाराचं. त्याच्या पाठीमागे पोकळी होणारच, म्हणून पृष्ठभागावरची हवाच तिथवर खाली येऊ दिली. 24 नोव्हेंबर 2012 रोजी नामिबियातल्या वॉल्व्हिस बे इथे या बोटीने 500 मीटरवर सरासरी 65.45 नॉट, म्हणजे ताशी 121 किलोमीटर वेग नोंदवला. इंजिन नाही, नुसतं शीड; तरी वेग वाऱ्याच्या दुपटीहून जास्त!

जेट इंजिनाच्या बोटींचं गणित निराळं. त्यांचा पाण्याशी संबंध जेमतेम टेकण्यापुरता. केन वॉर्बीने सिडनीतल्या घराच्या अंगणात बांधलेली 'स्पिरिट ऑफ ऑस्ट्रेलिया' 1978 मध्ये ताशी 511 किलोमीटरने गेली. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. इथे धोका हवेचा. नाक थोडं जास्त उचललं की खाली हवा शिरते आणि बोट उडते. 4 जानेवारी 1967 रोजी इंग्लंडमधल्या कॉनिस्टन सरोवरात वेगाचा विक्रम करू पाहणारा डोनाल्ड कॅम्पबेल असाच गेला. आदल्या रात्री पत्त्यांत त्याला इस्पिकची राणी आणि एक्का आला होता, हे आजही अपशकुन म्हणून डोळे मोठे करून सांगितलं जातं. पहिल्या फेरीच्या लाटा विरायची वाट न पाहता त्याने परतीची फेरी सुरू केली होती, हे मात्र सांगायचं राहून जातं.