ख्रिस्ती ग्रामप्रचारक (महाराष्ट्र)

खेड्यात राहून ख्रिस्ती शिकवण देणारे, शाळा चालवणारे आणि विश्वासणाऱ्यांच्या लहान मंडळ्या सांभाळणारे मराठी कार्यकर्ते. एकोणिसाव्या शतकात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात आणि जालन्याच्या परिसरात त्यांच्या कामाने मूळ धरले. मिशनचा इतिहास बहुतेक परदेशी मिशनऱ्यांच्या नावाने लिहिला गेला आहे. मात्र साहेब दौऱ्यावर येई, गावाबाहेर तंबू ठोकी आणि दोन-चार दिवसांत पुढच्या मुक्कामाला निघे. त्यानंतर गावात राहणारा, पाण्यावरून होणारे तंटे झेलणारा आणि दुष्काळाची झळ गावाबरोबर सोसणारा माणूस मराठी असे. या कामाचे खरे मोजमाप त्याच्याकडे पाहूनच करावे लागते.

अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट संस्थेचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये मिशनने अहमदनगरला ठाणे केले. तिथे गेलेल्या पहिल्या तुकडीत बाबाजी हा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण होता. १८३३ मध्ये तो पटकीने वारला. पुढे हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना १८५४ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली. सुरुवातीचे नावाजलेले कार्यकर्ते असे उच्चवर्णीय असले, तरी खेड्यांतील मंडळ्या उभ्या राहिल्या त्या मुख्यतः महार आणि मांग समाजांतून. काही वर्षांतच त्याच वस्त्यांतली, मिशनच्या शाळेत शिकलेली मुले मास्तर होऊन गावोगाव गेली. ग्रामप्रचारक म्हणून आपल्या डोळ्यांपुढे उभा राहायला हवा तो हाच मास्तर.

सकाळी तो वस्तीतच शाळा भरवी. धुळाक्षरे, पाढे, बायबलमधील गोष्टी आणि गाणी असा अभ्यास असे. इमारत क्वचितच असायची. एखादी पडवी किंवा झाडाची सावली चाले. मुले गुरे राखायला जात, म्हणून मोठ्यांसाठी आणि राखोळ्यांसाठी रात्री पुन्हा कंदिलाच्या उजेडात वर्ग बसे. दुपारी कुणाचा अर्ज लिही, कुणाला सावकाराचा कागद वाचून दाखवी. तापाच्या गोळ्या, खरजेचे मलम अशी चार औषधे त्याच्याजवळ असत आणि आजारी माणसाला बैलगाडीत घालून मिशनच्या दवाखान्यात नेण्याचे कामही त्याच्याकडेच येई. रविवारी उपासना चालवायची, बाप्तिस्म्यासाठी उमेदवारांची तयारी करून घ्यायची, लग्न-मयताला उभे राहायचे. पगार तुटपुंजा आणि तोही मिशनच्या तिजोरीवर अवलंबून. परदेशातून वर्गणी आटली की पहिली कात्री शाळांना आणि मास्तरांना लागे. गोऱ्या मिशनऱ्याचा बंगला आणि मास्तराची खोली यांतले अंतर दोघांनाही दिसत होते. त्याबद्दलची खंत त्या काळच्या अनेक देशी ख्रिस्ती लोकांच्या मनात होती आणि ती रास्तच होती.

या पार्श्वभूमीवर नारायण शेषाद्री यांचे काम ठळक दिसते. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनमध्ये राहून जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. जमीन निजामाच्या राज्यातली होती. तिथे मुख्यतः मांग समाजातील कुटुंबे शेती आणि हस्तव्यवसाय करून स्वतःच्या पायांवर उभी राहिली. ज्यांना गावकुसाच्या आत राहता येत नव्हते, त्यांच्यासाठी एक अख्खे गावच उभारावे, ही कल्पना एका देशी प्रचारकाने प्रत्यक्षात आणली.

प्रचाराची मराठी पद्धतही देशी माणसांनीच घडवली. भाषांतरित स्तोत्रे परक्या चालींवर म्हणताना गावकरी गोंधळून जात. अहमदनगरचे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रूढ केले आणि पूर्वरंग-उत्तररंग, अभंग, दिंडी, साकी यांतून येशूचे चरित्र गावच्या कानावर पडू लागले. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी भजन-कीर्तनाची ही वाट आणखी रुंद केली. ते राहुरीला राहून आसपासच्या खेड्यांत फिरत. आयुष्याच्या शेवटी त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा स्थापन केला. ख्रिस्ताचे अनुयायित्व पाश्चात्त्य चौकटीबाहेर, भारतीय वळणाने जगता यावे, अशी त्यांची तळमळ होती. खेड्यापाड्यांतील मंडळ्या आजही त्यांची गीते म्हणतात.

बायकांपर्यंत पोहोचण्याचे काम ‘बायबलबाई’ करीत. जिथे पुरुष प्रचारकाला उंबरा ओलांडता येत नसे, तिथे ती चुलीपाशी बसून वाचन शिकवी, बाळंतिणीची विचारपूस करी. यांतल्या बहुतेकजणी विधवा किंवा मास्तरांच्या बायका असत. अहवालांत त्यांची नावे फारशी येत नाहीत. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) १८९६–९७ च्या दुष्काळात सोडवून आणलेल्या मुलींना पुणे जिल्ह्यातील केडगावला आसरा दिला. तिथे शिकलेल्या स्त्रियाही पुढे गावोगाव सुवार्ता सांगत फिरल्या.

कॅथलिक पंथात हे काम जेझुइट धर्मगुरूंच्या हाताखालील धर्मशिक्षक करीत. केंदळ, वळण, संगमनेर ही त्यांची जुनी ठाणी. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावला सप्टेंबरमध्ये मतमाउलीची (येशूची आई मरिया हिची) यात्रा भरते, तेव्हा या सगळ्या पट्ट्यातील लोक एकत्र जमतात.

दुष्काळ हा या इतिहासातला सर्वांत नाजूक भाग आहे. १८७६–७८ आणि १८९६–१९०० या काळात मिशनने अन्नछत्रे, दुष्काळी कामे आणि अनाथालये चालवली आणि बाप्तिस्म्यांची संख्या वाढली. पोटासाठी धर्म बदलला, हा आरोप तेव्हापासून होत आला आहे. काही ठिकाणी त्यात तथ्य होते. मिशनमध्येही घाईने बाप्तिस्मा देण्याविरुद्ध मते होती. पण वस्तीत शाळा, हातात अक्षर आणि माणूस म्हणून हाक मारणारा कुणीतरी, हेही लोकांनी पाहिले होते. त्यांच्या निवडीला नुसती भूक म्हणणे म्हणजे त्यांना विचार करता येत नव्हता असे मानणे होय. उलट बाजूही नोंदवायला हवी: जातिभेद मंडळ्यांतून पुरता गेला नाही. महार-मांग वेगळे बसण्याचे, लग्नसंबंध टाळण्याचे प्रश्न पाळकांना वर्षानुवर्षे सोडवत बसावे लागले.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी कमी होत गेले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अनेक जुन्या मिशन मंडळ्या तिच्यात सामील झाल्या. आता एका पाळकाकडे अनेक गावे असतात. तो मोटारसायकलवरून फिरतो आणि काही जण शेती किंवा नोकरी सांभाळून सेवा करतात. सुगीनंतरच्या उपकारस्तुतीच्या दिवशी ज्वारीची कणसे, भोपळे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी असे सारे वेदीपुढे मांडले जाते आणि उपासना संपली की अंगणात त्याचा लिलाव होतो. एकच नारळ तीन-तीनदा विकला जातो, कारण घेणारा तो पुन्हा देवालाच देतो. लिलावाचे हे पैसे मंडळीच्या खर्चाला लागतात. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपती आदेशामुळे दलित ख्रिस्ती कुटुंबांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत. जातीच्या दाखल्यावर काय लिहायचे, हा प्रश्न घेऊन गावातील तरुण आजही आधी पाळकाकडेच येतात.