थंडीतील पदभ्रमणासाठी उबदार मोजे कसे निवडावेत

थंडीच्या पदभ्रमणासाठी मोजे घेताना बहुतेकांचा हात प्रथम सर्वांत जाड जोडीकडे जातो. ते स्वाभाविक असले, तरी पायाला खरी ऊब देते ती मोज्याच्या विणीत अडकून राहिलेली हवा, हे ध्यानात घ्यावे. नेमक्या मापाच्या बुटात फार जाड मोजा कोंबला, की ही हवा दाबाने निघून जाते, बोटांना हलायला जागा उरत नाही, रक्ताभिसरण मंदावते आणि पाय उलट अधिक गार पडतात. म्हणून ज्या बुटांत मोजे घालायचे आहेत ते बूट खरेदीच्या वेळी आमच्या दुकानात सोबत आणावेत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. मोजे चढवून व नाड्या बांधून झाल्यावर बोटे मोकळेपणी हलली पाहिजेत. शक्य असल्यास संध्याकाळी यावे, कारण दिवसभराच्या वावराने पाय किंचित फुगलेले असतात आणि लांब चालीतही ते तसेच फुगतात.

धाग्याच्या बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे: थंडीत सुती मोजे घालू नयेत. चढ चढताना कडाक्याच्या थंडीतही पायांना घाम येतो. सूत तो शोषून घेते, ओलेच राहते, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट अधिक उष्णता वाहून नेत असल्याने विश्रांतीला थांबताच पाय गारठू लागतात. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के बाष्प सामावून घेऊनही हाताला ओली लागत नाही, आणि भिजली तरी बरीचशी ऊब टिकवते. मेरिनो या जातीच्या मेंढ्यांच्या लोकरीचे तंतू बारीक असल्यामुळे ती सहसा टोचतही नाही. मात्र निव्वळ लोकर टाचेशी लवकर विरते. तिच्यात टिकाऊपणासाठी नायलॉन आणि घट्ट बसण्यासाठी थोडे इलॅस्टेन (रबरासारखा ताणला जाणारा धागा) मिसळलेले असावे.

मोजा उलटा करून आतील बाजू अवश्य पाहावी. टाच आणि चवडा यांखाली टॉवेलसारखे दाट फासे असतील, तर ते धक्के सोसतात आणि हवाही धरून ठेवतात. संपूर्ण पायाला असे फासे असलेला मोजा अतिशीत हवेसाठी आणि प्रशस्त बुटांसाठी योग्य. एरवी केवळ तळव्याला गादी असलेला पुरतो. बोटांवरची शिवण सपाट असावी. माप मोठे असल्यास चुण्या पडून फोड येतात, तर लहान मापात वीण ताणली जाऊन फासे विरळ होतात. मोज्याची उंची बुटाच्या काठाच्या वर असावी.

ज्यांना वारंवार फोड येतात, त्यांनी आत पातळ अस्तर-मोजा घालून पाहावा, म्हणजे घर्षण त्वचेऐवजी दोन थरांमध्ये होते. अर्थात तेवढी जागा बुटात हवी. मुक्कामाच्या प्रवासात एक कोरडी जोडी केवळ झोपण्यासाठी वेगळी राखावी.

लोकरी मोजे उलटे करून, थंड किंवा कोमट पाण्यात, सौम्य साबणाने धुवावेत. गरम पाणी आणि जोराची घासणी यांनी लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतून मोजा आटतो. कपडे मऊ करणारे द्रव वापरू नये, आणि शेकोटीजवळ किंवा हीटरवर मोजे वाळवू नयेत. टाच प्रकाशासमोर धरल्यावर विणीतून उजेड दिसू लागला, की ती जोडी लांबच्या चालीसाठी वापरणे थांबवावे.