कुंची

कुंची म्हणजे तान्ह्या बाळाचे डोके, कान आणि मान झाकून पाठीवरून कमरेपर्यंत उतरणारे, हनुवटीखाली बंदांनी बांधायचे वस्त्र. टोपडे डोक्यापुरतेच असते, कुंचीला मागे झूल असते. सांगली-सातारा भागात झबली, लंगोट, दुपटी, लाळेरी यांच्यासोबत ती बाळंतविड्यात येते आणि बऱ्याच घरांत बारशाला पहिल्यांदा चढवली जाते. बाळ जन्माला येण्याआधी त्याचे काही शिवू नये, असे मानणारी घरे अजून पुष्कळ आहेत. तिथे आजीच्या किंवा आत्याच्या हाती जेमतेम बारा दिवस असतात. म्हणून माप घेण्यापेक्षा आधीच्या भावंडाची कुंची वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिल फिरवणे सोपे पडते.

जुनी कुंची नसली तर कागद नव्याने बेतावा लागतो. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४ ते ३५ सेंमी, म्हणजे पावणेचौदा इंचांच्या आसपास असतो. खाकी कागदाची उभी घडी घालायची. घडीची बाजू पाठीकडे, मोकळी बाजू चेहऱ्याकडे. वरची कड ६ इंच, तिथून खाली ७ इंचांवर मानेची खूण. मानेखाली ९-१० इंच झूल सोडून मोकळी कड खाली जाताना ३ इंच बाहेर तिरकी न्यायची. वरचा मागचा कोपरा गोल कापायचा, नाहीतर डोक्यामागे टोक उभे राहते. शिलाईची अर्धा इंच माया या मापांबाहेर. वरची कड शिवली की डोक्याचा भाग तयार होतो. मानेच्या खुणेवर चुण्या घेऊन दोन्ही टोकांना बंद लावायचे. चुण्या हातानेच घ्याव्यात, मशीनवर त्या एका बाजूला पळतात. सगळे आधी जुन्या कापडावर कच्च्या धावदोऱ्याने जोडून बाळाच्या डोक्यावर घालून पाहिले तर चांगला खण वाया जात नाही.

वर्षभरात डोक्याचा घेर ४६ सेंमीपर्यंत जातो. त्यामुळे त्याच कागदावर बाहेरून दुसरी रेघ मारून ठेवतात, पहिल्या संक्रांतीच्या बोरन्हाणासाठी. तेव्हा कापड काळे घेतात आणि वर हलव्याचे दागिने चढतात.

बारशाची कुंची बहुधा खणाची असते. साताऱ्यात त्यासाठी खण आळी, सांगलीत कापड पेठ. खण मूळचा कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा. त्याची काठाची बाजू चेहऱ्याभोवती येईल असे बेतले तर वेगळी लेस लावावी लागत नाही. पण खण अंगाला टोचतो, म्हणून आत अस्तर हवेच, आणि ते आजोबांच्या धुऊन मऊ झालेल्या धोतराचे किंवा मलमलीचे उत्तम. खण व अस्तर सुलट बाजू समोरासमोर ठेवून कडेने टीप मारायची, वीतभर जागा उघडी ठेवून कापड उलटायचे आणि ती जागा हाताने मिटवायची. म्हणजे शिलाईच्या कडा आत लपतात, कानाला घासत नाहीत. कापड बेतण्याआधी एकदा भिजवून वाळवावे. खण आटतो आणि रंगही सोडतो.

तयार मिळणाऱ्या कुंच्यांवर हल्ली मणी, घुंगरू, गोंडे आणि जरीची दुहेरी पट्टी असते. फोटोला ती खुलते, पण सुटलेला मणी बाळाच्या तोंडात जाऊ शकतो आणि जड कुंचीने मान अवघडते. घरी शिवताना बंद गाठ बसण्यापुरते, आखूड ठेवतात. जतकडच्या कोरड्या वाऱ्यात किंवा पाटण-जावळीच्या पावसात बाळाला बाहेर नेताना कुंची उपयोगी पडते. झोपवताना मात्र ती काढावी. बाळाच्या अंगातली जादा उष्णता बरीचशी डोक्यावाटे बाहेर पडते, आणि बंद गळ्याशी आवळण्याची भीतीही असते.