बिन कार्डावरचा ‘मिनिमम’: ऑर्डर पातळी की राखीव साठा?

स्टोअरमधल्या बिन कार्डावर, म्हणजे एकेका मालाची आवक-जावक लिहायच्या कार्डावर, वरच्या कोपऱ्यात ‘मिनिमम’ असा एक रकाना असतो. घरघंटी बनवणाऱ्या कारखान्यात मोटारीच्या कार्डावर तिथे ६१५ लिहिलंय असं समजू. परचेसवाला तो वाचतो, ‘एवढ्यावर आलं की पीओ (खरेदीची ऑर्डर) काढायची.’ स्टोअरकीपर वाचतो, ‘याच्या खाली माल जाऊ द्यायचा नाही.’ दोघंही आपापल्या परीने प्रामाणिक असतात. तरी एका महिन्यात मोटारीवाचून असेंब्ली लाइन उभी राहते आणि पुढच्या महिन्यात मोटारींचे खोके पॅसेजमध्ये रचायची वेळ येते.

घोळ असा की त्या एका रकान्यात दोन वेगळे आकडे कोंबलेले असतात. एक रीऑर्डर लेव्हल, म्हणजे ऑर्डर पातळी: कितीवर आलो की नवी ऑर्डर द्यायची. दुसरा सेफ्टी स्टॉक, म्हणजे राखीव साठा: गाडी उशिरा आली किंवा खप वाढला तर खायला ठेवलेला माल. राखीव साठा हा ऑर्डर पातळीचा एक तुकडा असतो. उरलेला, आणि बहुतेक वेळा मोठा तुकडा असतो तो माल येईपर्यंत लाइन जेवढं खाणार आहे तेवढा.

कोल्हापूरकराला हे समजायला फार लांब जायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीकडे जनावरं हलवायची तयारी ३९ ला सुरू होते, कारण मधले चार फूट म्हणजे हातात असलेला वेळ. ऑर्डर पातळी ही इशारा पातळी. फक्त इथे पाणी चढतं आणि स्टोअरमध्ये माल उतरतो. एका बाबतीत मात्र ही तुलना मोडते. पाणी ४३ वर गेलं की संकट असतं, पण राखीव साठ्यात हात घालणं हे संकट नाही. ते कसं, ते पुढे येईलच.

आता मोटारीचा हिशेब मांडू. १ एचपी सिंगल फेज मोटार, एका घरघंटीला एक. लाइन रोज सरासरी ४० नग काढते. मोटार राजकोट किंवा कोइमतूरहून मागवली तर पीओ दिल्यापासून माल तपासून रॅकवर लागेपर्यंत सरासरी १२ कामाचे दिवस लागतात असं धरू. या बारा दिवसांत पुरवठादाराचं उत्पादन, ट्रान्सपोर्ट आणि आपल्याकडची इनवर्ड (आलेल्या मालाची) तपासणी तिन्ही आली. तपासणीचा दिवस बरेच जण धरायलाच विसरतात.

बारा दिवसांत खप ४० × १२ = ४८० मोटारी. सगळं घड्याळाच्या काट्यावर चाललं असतं तर ऑर्डर पातळी ४८० च राहिली असती आणि राखीव साठा शून्य. पण रोजचा खप वरखाली होतो, समजा त्याचं प्रमाणित विचलन, म्हणजे सरासरीपासून साधारण किती हलतो ते माप, ५ नग. गाडीही वरखाली येते, त्याचं विचलन २ दिवस. दोन्ही एकत्र करताना थेट बेरीज करत नाहीत, वर्ग करून मिळवतात. खपाच्या बाजूने १२ × ५ × ५ = ३००. गाडीच्या बाजूने ४० × ४० × २ × २ = ६,४००. बेरीज ६,७००, वर्गमूळ सुमारे ८२. शंभरातल्या ९५ ऑर्डर-फेऱ्यांत माल संपू नये असं वाटत असेल तर त्याला संख्याशास्त्राच्या तक्त्यातल्या १.६५ ने गुणायचं. राखीव साठा १३५. म्हणून ऑर्डर पातळी ४८० + १३५ = ६१५.

त्या ६,७०० कडे परत एकदा बघा. त्यातले ६,४०० एकट्या गाडीच्या अनिश्चिततेतून आलेत, खपातून फक्त ३००. विक्रीचा अंदाज नीट नाही म्हणून सेल्सवाल्यांवर ओरडणं सगळ्यांना सोपं जातं, पण या मोटारीच्या बाबतीत तो ओरडा चुकीच्या टेबलावर चाललाय. पुरवठादाराकडून डिस्पॅचचा ठरावीक वार बांधून घेतला आणि विचलन २ दिवसांवरून १ दिवसावर आणलं तर ६,४०० चे १,६०० होतात, खपाचे ३०० धरून बेरीज १,९००, वर्गमूळ ४४ च्या आसपास येतं आणि राखीव साठा १३५ वरून ७२ वर उतरतो. बारा दिवस बाराच राहिले, माल लवकर आला नाही, नुसता वेळेवर आला.

बऱ्याच ठिकाणी एक सोपं सूत्र वापरतात: जास्तीत जास्त खप गुणिले जास्तीत जास्त दिवस, वजा सरासरी खप गुणिले सरासरी दिवस. खप कमाल ५०, दिवस कमाल १६ धरले तर ८०० वजा ४८०, म्हणजे ३२० राखीव. १३५ च्या जागी ३२०! सूत्र चूक नाही, पण ते सगळ्यात वाईट खप आणि सगळ्यात वाईट गाडी एकाच वेळी येणार असं धरतं. आकडेवारी जमा नसेल तेव्हा सुरुवातीला वापरायला ठीक, पण तीच सवय महाग मोटारीला कायम लावू नये.

दोन्ही आकडे एकमेकांच्या जागी धरले की काय होतं?

परचेसवाल्याने १३५ ला ‘मिनिमम’ समजून तिथे पीओ काढली, तर हातात साडेतीन दिवसांचाही माल नाही आणि नवा माल बारा दिवसांनी. साधारण साडेआठ दिवस लाइन बंद. मग मुंबईहून बसमधून पार्सल मागव, दुसऱ्या मेकची मोटार बसव, बेस प्लेटचे होल जुळत नाहीत म्हणून स्लॉट वाढव, असे सगळे प्रकार सुरू होतात.

उलट स्टोअरकीपरने ६१५ ला राखीव समजून त्याखाली जाऊच द्यायचं नाही असं ठरवलं, तर १३५ पुरत असताना कायमच्या ४८० मोटारी जास्तीच्या रॅकवर. हा दोष लाइन थांबवत नाही म्हणून कुणी ओरडत नाही, तो गुपचूप बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाच्या व्याजात दिसतो. माझ्या मते दोन्हींत हाच जास्त खर्चिक, कारण तो कुणाच्या नजरेला लवकर येत नाही.

तिसरी चूक या दोघांपेक्षा बारीक आहे आणि हुशार माणसंही ती करतात. ६१५ हा आकडा रॅकवरच्या मालाशी ताडायचाच नाही. तो ताडायचा ‘रॅकवरचा अधिक वाटेवरचा’ या बेरजेशी. वाटेवरचा म्हणजे पीओ दिलेला पण अजून न आलेला माल. समजा एका वेळी ४०० मोटारींची पीओ निघते. दहा दिवसांत ४०० संपतात, गाडीला बारा लागतात, म्हणजे पहिली गाडी यायच्या आत दुसरी पीओ द्यावीच लागते. सगळं सरासरीने चाललं तर गाडी यायच्या आधी रॅकवर १३५, आल्यावर ५३५. रॅक ६१५ ला कधी पोचतच नाही! नुसता रॅक बघणाऱ्याला माल रोज ‘मिनिममच्या खाली’ दिसतो आणि तो रोज पीओ काढत सुटतो. नीट हिशेब असा: रॅकवर २१०, वाटेवर ४००, बेरीज ६१०, म्हणजे ६१५ च्या खाली, आज पीओ काढा. उद्या रॅकवर १७०, पण वाटेवर आता ८००, बेरीज ९७०, हात लावू नका. वाटेवरचा आकडा खरा राहायचा तर अर्धवट आलेल्या पीओ वेळच्या वेळी बंद व्हायला हव्यात. ४०० पैकी ३८० आले आणि २० येणारच नाहीत, पण कागदावर ते महिनोन्‌महिने ‘वाटेवर’ राहिले, असं पाच पीओंत झालं की शंभर मोटारी नुसत्या हवेत.

धान्य दळलं जातं त्या चेंबरच्या बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) कास्टिंगचं गणित वेगळं. कास्टिंग शिरोलीच्या फाउंड्रीतून येतं, पाच दिवसांत मिळतं, मग साठा कशाला, असं म्हणायची पद्धत आहे. इथे दोन गोष्टी आड येतात. पहिली, ब्लो-होल, म्हणजे ओतकामात आत राहिलेल्या हवेची भोकं, मशीनिंग झाल्यावरच उघडी पडतात. शंभरात पाच नग बाद होत असतील तर रॅकवरची कच्ची कास्टिंगं मोजताना शंभराचे पंच्याण्णवच धरायचे. दुसरी, स्वस्त आणि जवळचा माल म्हणून त्याचा साठा कुणी रोज बघत नाही, शनिवारी एकदा बघतात. मग शनिवारी पातळीच्या जरासा वर असलेला माल सोमवारी खाली गेला तरी पुढच्या शनिवारपर्यंत ते कळत नाही. म्हणून ऑर्डर पातळीत पाच दिवस धरून भागत नाही, पाहणीचे सहा दिवसही घालावे लागतात: ४० × ११ = ४४०, आणि वर राखीव. रोज बघितलं तर २०० अधिक राखीव. रोज पाच मिनिटं न मोजण्याची किंमत २४० कास्टिंगं, एवढं साधं आहे ते.

रबर फूट, स्क्रू, वॉशर यांना असला हिशेब लावत बसू नये. दोन डबे ठेवावेत. घरघंटीला चार रबर फूट, रोज १६०. माल यायला चार दिवस, म्हणजे ६४०, वर एक दिवसाचे १६०. मागच्या डब्यात ८०० मोजून पिशवी बांधून त्यावर कार्ड लावायचं. पुढचा डबा संपून पिशवी फोडली की कार्ड परचेसकडे गेलं पाहिजे. मागचा डबा म्हणजे ऑर्डर पातळी, राखीव साठा त्याच्यातच आहे. ‘तो इमर्जन्सीचा डबा’ असं कुणी नव्या पोराला सांगितलं की पद्धत कोलमडली. तो पिशवी फोडायला घाबरतो आणि शेजारच्या लाइनवरून मूठभर उचलून आणतो, कार्ड जागचं हलत नाही.

लॅमिनेटच्या रंगीत पॅनलसारखे एकाच मॉडेलला लागणारे भाग मात्र ऑर्डर पातळीवर ठेवू नयेत. ते उत्पादनाच्या आराखड्यावरूनच मागवावेत.

पुराचंही याच ओघात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आलं आणि काही दिवस वाहतूक थांबली. वरच्या १३५ मोटारींत हे बसत नाही आणि बसवायचा प्रयत्नही करू नये. तसे दिवस विचलनात मिसळले तर बाराही महिने फुगलेला साठा सांभाळावा लागतो. पावसाळ्यासाठी वेगळा साठा, वेगळ्या नावाने, जूनअखेर रॅकवर आणि ऑगस्टनंतर लाइनवर खपवून बंद.

दिवाळीचं तसं नाही, तिथे ऑर्डर पातळीच हलवावी लागते. भाजणी-फराळाच्या आधी डीलर माल भरतात आणि लाइन ४० वरून ६० वर जाते. बारा दिवसांचा खप मग ७२० होतो. जुन्या ६१५ वर थांबलात तर राखीव साठा धरूनही माल पुरत नाही. पातळी खप वाढल्यावर वाढवून उपयोग नाही, किमान बारा कामाचे दिवस आधी वाढवायची. उतरवतानाही तसंच, दिवाळीचं शेवटचं डिस्पॅच व्हायच्या बारा दिवस आधी. उतरवायचं सगळेच विसरतात.

कार्डावर ‘मिनिमम’ खोडून दोन रकाने करावेत: ‘ऑर्डर पातळी ६१५ (रॅक + वाटेवर)’ आणि ‘राखीव १३५’. दुसऱ्या रकान्यावर कुणी काही कृती करायची नसते, तो तपासणीपुरता. मोटारींची गाडी आली त्या दिवशी सकाळी, माल उतरवायच्या आधी, रॅकवर किती होत्या ते कार्डावर लिहीत जायचं. वीस गाड्यांचे आकडे जमले की बघा. साधारण निम्म्या वेळा रॅक १३५ च्या खाली गेलेला असायला हवा. एकदाही खाली गेला नसेल तर राखीव फाजील आहे, कमी करा. वीसपैकी एखाद्या वेळी शून्य आलं तर ते ९५ टक्क्यांच्या हिशेबात बसतं. तीन-चारदा आलं तर आधी गाडीच्या तारखा काढून बघा, १३५ वाढवायचा विचार त्यानंतर.